कुशाबाची हवा

“तुज्या पेटीला आग लागो!”

गुणवंतीचा हा आवाज गच्चीवरून तीन जिने उतरून आमच्या खोलीत शिरला, तेव्हा मी रिकाम्या कपाकडं बघत चहाची वाट पाहत बसलो होतो. चहा काही येणार नव्हता. साखर संपली होती आणि बायको दुकानात जायला तयार नव्हती. तेवढ्यात हे भांडण आलं. बरं झालं म्हटलं, चहा नाही तर नाही.

गिरणी संपाचा तो दुसरा उन्हाळा. डिलाईल रोडवर भोंगे गप्प झाल्याला वरीस उलटून गेलेलं. चाळीतली निम्मी माणसं गावाला गेलेली, उरलेली गॅलरीच्या कठड्याला कोपरं लावून रस्त्याकडं बघत उभी. अशा दिवसांत भांडण म्हणजे फुकटचा तमाशा. मी चपला न घालताच वर पळालो आणि पस्तावलो. गच्चीचा कोबा तव्यासारखा तापला होता. एक पाय उचलला की दुसरा भाजत होता.

वर बघतो तर मधोमध कुशाबाची हवापेटी, तिच्या एका अंगाला कुशाबा आणि दुसऱ्या अंगाला कंबरेवर हात ठेवून गुणवंती. दोघांच्या डोक्यावर बोंबलांच्या माळा. जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीनं दोरीवर टांगलेले बोंबील वाऱ्यावर हलत होते, जणू तेही कुणाच्या बाजूनं बोलावं याचा विचार करत होते.

“आवो वैनी, दोरी बांधायला तुमाला ह्योच खांब गावला?” कुशाबा म्हणाला. “समद्या गच्चीत ह्योच एक?”

“मंग कंय बांधू? तुज्या डोक्याला?”

“ही पेटी शिकल्यासवरल्या मानसांची हाय. हवा वढून घेती ती. आन तुमी तिच्या तोंडाम्होरं जवळा झाडताय!”

“माजा जवला, माजी झाडू. गच्ची काय तुज्या बापाची हाय?”

आता ही दोघं कोण ते सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल.

कुशाबा माझ्या शेजारच्या खोलीतला. सातारकडचा माणूस, गिरणीत फिटर. बारीक अंगाचा, मोठ्या कानाचा. मशीन बिघडलं की हा आधी कान लावायचा, मग पान्हा. संप झाला आणि पान्हा खुंटीला लागला. तशात एका संशोधन संस्थेची माणसं आमच्या गच्चीवर एक पेटी बसवायला आली. लोखंडी पायांवर उभी, माणसाच्या छातीएवढी उंच, वर उतरतं पत्र्याचं छप्पर. लांबून बघितलं तर एखादं लहानसं देऊळच. पेटी जड, जिना अरुंद. कुशाबानं हात दिला. वर आल्यावर त्यांच्यातल्या सुमेधाबाईंनी घाम पुसत विचारलं, “तुम्हाला मोटारीचं काही कळतं का हो?”

“बाई, मोटारीतच जलम गेला,” कुशाबा म्हणाला.

तेवढ्यावर तो कामाला लागला. मोटार घूंऽऽ करून हवा आत ओढायची, पेटीतल्या पांढऱ्या कागदावर धूळ बसायची. तो कागद बदलायचा, मोटारीचे कार्बन झिजले की नवे घालायचे, बाजूच्या डब्यातल्या काचेच्या बाटल्यांत औषधाचं पाणी असायचं त्यांना बर्फात ठेवायचं. आमची गच्ची, भोईवाड्यातली एक, दादरला एका शाळेची, आणि गिरगावात खोताच्या वाडीत एका लाकडी घराच्या माडीवरची, अशा पेट्या तो बघायचा. खांद्याला पिशवी अडकवून सगळीकडं पायी.

चाळीला मात्र हे पटत नव्हतं. कापूस मोजतात, कापड मोजतात. हवा कोण मोजतं? “काय कुशाबा, आज हवा किती मण भरली?” असं कुणी तरी विचारायचंच. तो हसून म्हणायचा, “तुमच्या तोंडची धरून का सोडून?”

आणि गुणवंती तळमजल्यावरची. जात्याच कोळीण, माहीमच्या कोळीवाड्यातली. नवरा जगन हाही कोळी, पण पाण्याला भिणारा. होडीत बसला की त्याला भोवळ यायची, म्हणून तो गिरणीत लागला आणि चाळीत खोली घेऊन राहिला. संपात तोही घरी बसला तेव्हा गुणवंतीनं टोपली उचलली. पहाटे भाऊच्या धक्क्यावर जायची, दिवसभर विकायची, उरलेलं गच्चीवर सुकवायची. पावसाळ्यात होड्या बंद झाल्या की हीच सुकी मासळी घर जगवणार होती. तिचं घरच नव्हे. कुणाच्या घरी कालवणाला काही नसलं की ती पोराच्या हातावर मूठभर जवळा, म्हणजे सुकी बारीक कोळंबी, ठेवायची आणि वर शिवीही द्यायची, म्हणजे घेणाऱ्याला मिंधेपणा वाटू नये.

अशी दोघं, आणि मध्ये एक गच्ची.

त्या दिवशी कुशाबा चिडला त्यालाही कारण होतं. सुमेधाबाईंनी त्याला बजावलं होतं. आमच्या गच्चीच्या कागदावर मीठ फार येत होतं, शिवाय तांबडे तांबडे बारीक तुकडे. बाईंनी भिंगाखाली धरले तर त्यांना पाय निघाले. “कुशाबा, गिरण्या बंद आहेत, धूर नाही, मग हा कागद असा का? पुन्हा असंच आलं तर मला ही पेटी दुसरीकडे न्यावी लागेल,” बाई म्हणाल्या होत्या. दुसरीकडं म्हणजे जिथं संस्थेचा आपला माणूस होता तिथं. पेटी हलली की कुशाबाही हलला, हे त्याला न सांगता कळलं होतं.

“वैनी, माजं काम जाईल,” आता तो आवाज उतरवून म्हणाला.

“आन पावसात माजी पोरं काय खातील? तुजी हवा?”

“दोरी तेवढी हलवा की पलीकडं.”

“नाय हलवायची!” गुणवंतीला आता चेव आला होता, कारण जिन्याच्या तोंडाशी आम्ही दहाबारा जण जमलो होतो. बघायला माणसं असली की तिची जीभ नुसती सुरी व्हायची. “हवा काय मोजायची वस्तू हाय? आमाला येडं समजतंस? खरं सांग कुशाबा, पेटीत गिरनीच्या मालकानं कान बसवलाय ना? चालीत कोन काय बोलतंय ते ऐकाया? दिवसभर घूं घूं करते ती कनाला?”

उचलली जीभ, लावली टाळ्याला. बोलली, बोंबलाची दोरी आणखी घट्ट आवळली आणि टोपली घेऊन खाली गेली. तिच्या दृष्टीनं भांडण तिथंच मिटलं.

पण बोललेला शब्द जिना उतरताना मोठा होत जातो. दुसऱ्या मजल्यावर तो पोचला तेव्हा पेटीत कान होता. पहिल्या मजल्यावर त्याला तार जोडली गेली. नळावर बायकांनी ती तार मालकाच्या बंगल्यापर्यंत नेली. आणि संध्याकाळी नाक्यावर रघूच्या कानी गेलं तेव्हा त्या पेटीमुळंच मागच्या मोर्च्याची बातमी आधी फुटली होती, पोलीस आधीच येऊन उभे होते, आणि रघूच्या पाठीत बसलेली लाठी कुशाबानंच मारल्यासारखी होती.

रघू गिरणीत रिंग खात्यातला, सूतकताईचा. मुंबईतच वाढलेला, अंगानं आडवा, डोक्यानं गरम. मनानं वाईट नव्हता. पण वर्षभर हात रिकामे असलेला जवान माणूस म्हणजे रॉकेलचा डबा. काडी कुणीही ओढावी.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पहार घेऊन आला. मागं सातआठ जण. सगळ्यात मागं आमचा धोंडूकाका, काठी टेकत. काका मालवणकडचा, ब्लोरूममध्ये कापसात उभा जन्म काढलेला. चार पायऱ्या चढला की खोकला त्याला पाचव्या पायरीवर बसवायचा. तरी तो चढत होता. तमाशा कुणाला सुटतो?

कुशाबा भोईवाड्याला गेलेला. गच्चीवर एकटी गुणवंती, डोक्यावर फडकं घेऊन बोंबील उलटे करत होती. वारा अजून सुटला नव्हता. ऊन असं की समोरच्या गिरणीची चिमणी नुसती थरथरल्यासारखी दिसत होती.

“मावशी, बाजूला हो,” रघू म्हणाला.

“काय रं? पहार कनाला?”

“पेटी फोडायची. तूच बोललीस ना, कान हाय म्हणून.”

गुणवंतीच्या हातातला बोंबील हातातच राहिला. मी जिन्याच्या दारात होतो, तिचं तोंड मला दिसत होतं. अशी बाई, जिच्या तोंडाला धक्क्यावरचे दलाल टरकून असायचे, तिचा रंग उतरला.

“मी रागानं बोललू रं,” ती म्हणाली. “माज्या जिभेला काय हाड हाय?”

“आता कशाला फिरवतेस? घाबरू नको, आम्ही हाय.”

“तुमी हायत म्हनून तं भीती वाटते मेल्यांनो!” तिनं टोपलीतला कोयता उचलला आणि पेटीसमोर फतकल मारून बसली, तापलेल्या कोब्यावर. “याव फुडं. पेटीला हात लावायचा तं मना पयला उचला. उचलतंस? ये. दोन मानसं घे, एकट्याचा नाय होवायचा.”

कुणी तरी फिसकन हसलं. पण रघू हसला नाही. “मावशी, तो मालकाचा माणूस हाय. आपण इथं उपाशी मरतोय आन तो पिशवी लटकवून फिरतोय. संपात काम कोण देतं? का देतं?”

हे मात्र सगळ्यांच्याच मनातलं होतं. आम्ही थट्टा करायचो, पण थट्टेच्या खाली हेच होतं. ह्यालाच काम कसं?  गुणवंतीनं कोयता दुसऱ्या हातात घेतला, पण जागा सोडली नाही.

तेवढ्यात मागून आवाज आला, “वाट द्या की राव.”

कुशाबा आला होता. खाली कुणी तरी सांगितलं असणार, तो धापा टाकत होता. त्यानं पहार बघितली, रघूकडं बघितलं, मग पेटीसमोर बसलेल्या गुणवंतीकडं बघितलं. ते मात्र त्याला काही केल्या उलगडेना.

“वैनी, तुमी का हितं?”

“तुज्या पेटीची आरती कराया बसलू. गप ऱ्हा.”

“कुशाबा, तू मालकाचा माणूस हायस का?” रघूनं सरळ विचारलं.

कुशाबाचे कान लाल झाले. “रघ्या, माजी बी गिरणी बंद हाय. तुज्या आदी मी त्या दारातनं भायेर पडलोय. माजी हौसा दिसभर लोकांचं दळान निवडती. मालकाचा मानूस आसतो तर तिला ही येळ आली आसती?”

“मग उघड पेटी.”

“उघडतो की. पन पहारीनं न्हाई. हिला चार स्क्रू हायेत.”

त्यानं मोटार बंद केली. घूं थांबलं आणि गच्ची एकदम मोकळी मोकळी वाटायला लागली. पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला, गुणवंतीला हळूच बाजूला सरकायला सांगितलं, छप्पर उचललं. सगळी डोकी पुढं झाली. मीही भाजणारे पाय विसरून घुसलो. आत एक कागद, खाली मोटार, बाजूला एक नळी. तार होती ती जिन्यातल्या विजेच्या बटणापर्यंत जात होती, ती तर आम्ही रोजच ओलांडत होतो.

कुशाबानं कागद दोन्ही हातांनी उचलून धरला. राखाडी झाला होता. त्यावर मध्येच तांबडे ठिपके, एका कोपऱ्यात जवळ्याची आख्खी मिशी. वास तर विचारूच नका.

धोंडूकाका काठी टेकत पुढं आला. कागदाला नाक लावलं. खोकला. पुन्हा लावलं.

“रघ्या,” तो म्हणाला, “ह्यो कान नाय रे. ह्या नाक आसा. आणि नाकात गुणवंतीचो जवळो गेलोहा!”

असा हशा उठला की समोरच्या चाळीतली माणसं खिडकीत आली. रघूनं थोडा वेळ तोंड आवळून धरलं, मग त्यालाही राहवेना. पहार कठड्याला टेकवून तो पोट धरून खाली बसला, आणि चटका बसला तसा उठला. त्यावर आणखी हशा.

हसणं ओसरल्यावर काकानं कागद हातात घेतला. “ह्या राखाडी काय आसा रे?”

“धूळ,” कुशाबा म्हणाला. “एका दिसात हवंत जे आसतंय ते.”

“म्हणजे आमच्या छातीत जाता ताच?”

“तेच काका.”

“आणि गिरणी चालू आसताना?”

“तवा काळा यायचा म्हनं. बाई सांगत व्हत्या. भोईवाड्याची पेटी जुनी हाय, तिथले कागद मी बगितल्यात. डांबरावानी.”

काकानं कागद कुशाबाच्या हातात परत दिला. मग म्हणाला, “म्हणजे संपान पोट गेला आणि छाती वाचली. देव पण मेलो हिशेबी!” आणि पुन्हा खोकत खोकत जिना उतरायला लागला. रघूनं जाऊन त्याला हात दिला.

बाकीचेही मागोमाग उतरले; गच्चीवर आम्ही तिघंच राहिलो. गुणवंती उठली, लुगडं झटकलं. माफी वगैरे मागणारी ती नव्हे. तिनं तोंडात बोट घालून ओलं केलं आणि वर धरलं.

“दुपारचा वारा वरलीकडशी येतंय,” ती म्हणाली. “मी या टोकाला बांधलं तं सगलं तुज्या पेटीत. त्या टोकाला बांधते, म्हंजी वास परलाकडं जाईल. जवला पेटी चालू असंल तवा नाय झाडायची. पेटी कवा चालते तेवरा सांग.”

“ह्येच मी काल सांगत हुतो न्हवं?”

“काल तू सांगत व्हतास. आज मी सांगते.”

त्या संध्याकाळी कुशाबाच्या खोलीत बोंबलाचं कालवण गेलं. वाटी परत न्यायला गुणवंती स्वतः आली आणि वाटी नीट घासली नाही म्हणून हौसाशी भांडून गेली. तेव्हा आम्हाला कळलं की सगळं ठीक आहे.

आठवड्यानं सुमेधाबाई बघायला आल्या. दादरला राहणारी बाई, चष्मा, कॉटनची साडी, बोलणं अगदी शाळेच्या पुस्तकातलं. टॅक्सीतून बर्फाचा डबा आणला होता, पण नाक्यावर गर्दीत अडकल्या आणि डब्यात नुसतं पाणी उरलं. वर आल्यावर त्यांनी आधी नाकाला पदर लावला, मग बोंबलांच्या माळा बघितल्या, मग कुशाबाकडं.

“कुशाबा, हे आहे तर मीठ!”

कुशाबाच्या कपाळावरून घाम गळायला लागला. “बाई, आता दोरी हलीवलीया. वाऱ्याच्या खालच्या अंगाला. ह्या आठवड्याचा कागद बगा की.”

“पण गच्चीवर मासळी असताना इथला आकडा मी कसा धरायचा? जागाच बदलणं बरं.” बाईंनी बाटल्यांच्या डब्याला हात लावला. “आणि बर्फही नाही. आजचा दिवस फुकट गेला म्हणायचा.”

गुणवंती कोपऱ्यात बसून ऐकत होती. ती उठली, खाली गेली. आली ती हातात भुश्यातला बर्फाचा तुकडा, विटेएवढा. कोयत्याच्या पाठीनं ठोकून तिनं त्याचे खडे केले आणि डब्यात ओतले.

“बाय, तुना रोज बर्फ लागते ना? टॅक्सी कनाला? मना धक्क्यावर रोज घ्यावाच लागते. तुजी पेटी हितंच ठेव. हवंत मासली नको ना तुना? नाय येवाची. कोलनीचा शबूद हाय.”

“आणि मासळीचा वास?” बाईंनी विचारलं.

“मुंबईत ऱ्हातंस, आन मासलीचा वास नको? मंग हवा मुंबयची कशी ती?”

बाई हसल्या. पदर नाकावरून खाली आला. आठवड्याचा कागद काढून त्यांनी उन्हात धरला, उलटा केला, भिंग लावलं. कुशाबा स्क्रूड्रायव्हर उगाच पुसत उभा. शेवटी त्यांनी कागद घडी घालून पाकिटात ठेवला.

“ठीक आहे. राहू दे इथेच. पण पेटी चालू असेल त्या दिवशी खरंच काही झाडायचं नाही हं.” जिन्याकडं जाता जाता त्या थांबल्या. कुणी ऐकत तर नाही ना असं बघून गुणवंतीला हळूच म्हणाल्या, “सुके सोडे मिळतील का तुमच्याकडे? सासरी चालत नाही. पण माहेरी आमच्याकडे सोड्यांची खिचडी व्हायची.”

“बाय गो!” गुणवंती ओरडली. “मंग नाकाला पदर कनाला लावलास?”

पावसाळा गेला. सुक्या मासळीवर बरीच घरं तगली. दसऱ्याच्या सुमाराला एका सकाळी कुणी तरी गच्चीवरून हाक मारली आणि सगळी चाळ वर धावली. समोरच्या गिरणीच्या चिमणीतून धूर निघत होता. आधी बारीक, मग जाड, मग काळाभोर लोट. बायका टाळ्या वाजवायला लागल्या. कुणी नारळ आणायला पळालं. कुशाबा पेटीपाशी उभा होता. दुसऱ्या दिवशी कागद काढला तर तो काळा आलेला. त्यानं तो असा धरून दाखवला, जणू पोराचा पहिला नंबर आलाय.

पण धूर आला म्हणजे गिरणी आली, असं नव्हतं. रघू धावत दारापर्यंत गेला आणि संध्याकाळी मान खाली घालून आला. आत नवी माणसं घेतली होती. जुन्यांतली मोजकीच, तीही संप सोडला असं लिहून देणारी. धोंडूकाकाला तर म्हातारा म्हणून दारातूनच घालवलं. संप कधी संपला ते आम्हाला कुणी सांगितलंच नाही. तो नुसता विरत गेला, जुन्या धोतरासारखा.

चारसहा दिवसांनी गुणाजी मुकादम कुशाबाच्या दारात आला.

“कुशाबा, फिटर पायजेल हाय. नवी पोरं मशीनला नुसती हातोडी घालत्यात. उद्या सकाळी ये. एक सही कर, जुना पान्हा घे. कायम कामगार हुतास, कायम ऱ्हाशील.”

मुकादम गेला. मला भिंतीपलीकडं हौसाची खुडबूड ऐकू येत होती. ती ट्रंक उघडत होती, तळातले गिरणीत घालायचे कपडे काढत होती, झटकत होती. फिटरची बायको म्हणून ती या मुंबईत आली होती. हवा मोजणाऱ्याची बायको म्हणून नव्हे. सकाळी तिनं भाकरी बांधून दिली. कुशाबानं ते कपडे घातले. मीही त्याच्याबरोबर नाक्यापर्यंत गेलो. जा म्हणावं की नको म्हणावं, मला सुचत नव्हतं.

दारापाशी पोलिसांची गाडी होती. एका अंगाला आत जाणारी माणसं, खाली बघत, झपझप. दुसऱ्या अंगाला आमची. धोंडूकाका काठीवर हनुवटी टेकून बसलेला. रघू भिंतीला टेकून उभा. त्यानं कुशाबाला बघितलं. कपडे बघितले. मला वाटलं आता शिवी येणार. पण त्यानं शिवी दिली नाही. तोंड फिरवलं आणि रस्त्याकडं बघत राहिला.

“ये रे, ये!” आतून गुणाजीनं हात केला.

कुशाबा दारात थांबला. आतून मशीनचा आवाज येत होता. किती दिवसांनी तो आवाज ऐकला! मीही त्याच गिरणीतला, माझेही कान टवकारले. कुशाबानं मान जरा तिरकी केली.

“बेअरिंग कोरडं हाय,” तो पुटपुटला. “लई दिस तेल न्हाई घातलेलं. रडतीया बिचारी.”

“मग जा की,” मी म्हणालो.

त्याचा एक पाय पुढं गेलाही. खरं सांगतो, मी बघितला. मग तो पाय तिथंच राहिला. त्यानं मागं वळून काठीवर हनुवटी टेकलेल्या काकाकडं बघितलं. मागून येणारा एक जण त्याला धक्का मारून आत गेला.

“मुकादम,” कुशाबानं हाक दिली, “तेवढं तेल घाला त्या मोटारीला. पाच नंबरच्या लायनीत आसंल बगा. मला आज येळ न्हाई. खोताच्या वाडीत कागद बदलायचा हाय.”

गुणाजीला वाटलं थट्टा करतोय. पण कुशाबा वळला होता. रघूच्या समोरून जाताना तो थांबला नाही. रघूनंच मागून दोन पावलं टाकली. मग तोही थांबला.

आम्ही घरी आलो तेव्हा हौसा उंबऱ्यात बसून दळण निवडत होती. आमची पावलं ऐकून तिनं वर बघितलं.

“गेला न्हाईसा?”

“न्हाई.”

तिचे हात सुपात थांबले. मी माझ्या दाराशी कडीला उगाच हात घालून उभा. वाटलं, आता ही रडणार किंवा भांडणार. दोन्ही केलं असतं तरी तिला कुणी नाव ठेवलं नसतं. तिनं एक खडा शोधून काढला, गॅलरीबाहेर फेकला आणि उठली. कुशाबाच्या हातातून भाकरीचं गाठोडं घेतलं, उलगडलं, आत कांदा आणखी एक घातला, पुन्हा बांधलं आणि त्याच्या हवेच्या कामाच्या पिशवीत स्क्रूड्रायव्हरच्या शेजारी नीट बसवलं.

“मग गिरगावात खावा,” ती म्हणाली. “पन उन्हात त्या पत्र्यावर बसून नगं. सावली बगून बसा.”